पूजेनंतरची तपासणी

चालत्या गोष्टीला हात लावू नये. लावावाच लागला तर हात लावलेली जागा तेवढी नव्हे, सबंध गोष्ट पहिल्यापासून तपासावी, कारण जगात काहीही एकटं बदलत नाही. हे गंभीर वाक्य भूपेंद्र बोरसेनं पॉलिटेक्निकच्या शेवटच्या परीक्षेत लिहिलं होतं. तपासणाऱ्यानं बहुधा पान उलटता उलटता त्यावर बरोबरची खूण केली असावी, कारण मार्क पूर्ण मिळाले. आणि मार्क मिळाल्यावर वाक्य जवळ बाळगायचं काही कारण उरलं नाही. आज ते आठवलं ते भिकनच्या टोपीमुळं. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या त्या कापड रंगवायच्या मिलच्या पहिल्या मजल्यावर, कॉम्प्युटर रूमच्या काळी फिल्म लावलेल्या काचेतून खाली फाटकाकडं पाहताना भूपेंद्रला दिसलं, की वॉचमन भिकनची खाकी टोपी त्याच्या डोक्यावरून उडाली, वर गेली, हवेत जरा रेंगाळली आणि माणसांच्या गर्दीत कुठंतरी बुडाली. आवाज आला नाही. खोलीला एसी होता, काच दुहेरी होती, आणि मशिनच्या तब्येतीसाठी ती कायम बंद असे. टोपी गेली म्हणजे थप्पड बसली असणार, हे त्याला मागाहून कळलं. आधी कळला तो स्वतःचा डावा गाल. तो गरम झाला होता.

गालाला सवय होती. बापानं, राघोनं, पहिली थप्पड कधी मारली ते आठवत नव्हतं, जशी पहिली भाकरी आठवत नाही. राघो बमरोलीच्या एका लूमच्या कारखान्यात काम करायचा. पारोळ्याकडून सुरतेला आलेला, दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात उभा, आणि खडखडाट संपला की कानात तो उरलेलाच, म्हणून घरी आल्यावर कुणी हळू बोललं तर त्याला वाटे, आपल्याविषयी बोलतायत. मुकादमानं राघोला शिवी दिली की ती संध्याकाळी खोलीत पोचे. शेठनं मुकादमाला झापलं की तेही पोचे, फक्त एका दिवसानं उशिरा. लूमचा चामडी पट्टा झिजला की तो घरी आणायची राघोची पद्धत होती. वाया घालवायचा नाही. आई, सुंदरा, एका कोपऱ्यात पीठ मळत राही आणि म्हणे, "तोंडवर नका मारू, उद्या शाळा शे त्याले." म्हणून राघो पाठीवर मारी. शिक्षणाचं महत्त्व त्या घरात सगळ्यांनाच पटलेलं होतं. आणि मग दार ढकलून शेजारचा हाच भिकन आत येई, राघोच्याच खात्यातला, लूमनं अर्धा बहिरा केलेला, आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "बस ना राघो! पोऱ्या शे, ताका नही." मग तो भूपेंद्रला खांद्यावर टाकून आपल्या खोलीत नेई. त्याच्या खांद्याला कांजीचा आणि बिडीचा वास येई. भूपेंद्रनं त्या खांद्यावर कितीतरी वेळा उलटी केली होती. भिकननं त्याचं कधी काही म्हटलं नाही. शर्ट बदलला, एवढंच.

खाली आता भिकन दिसत नव्हता. तो होता ती जागा दिसत होती, कारण तिथं हात वर जात होते आणि खाली येत होते. फार लयीत. वरून, आवाजाशिवाय, कोणी धान्य झोडत असावं तसं. फाटकावर कार्ड घालायचं यंत्र होतं, त्याच्या शेजारी लोखंडी फिरकी, आणि वर दोन दिवे. हिरवा लागला की फिरकी सुटे, माणूस आत. लाल लागला की फिरकी अडे, माणूस बाहेर. सकाळपासून लालच लागत होता. पहिल्या पाळीची माणसं सुट्टीवरून आली होती, तापी लाइनच्या पॅसेंजरनं, पिशव्यांत घरचे लाडू आणि शेव घेऊन, एकमेकांना राम राम करत. एकानं कार्ड घातलं, लाल. दुसऱ्यानं घातलं, लाल. तिसऱ्यानं कार्ड शर्टाला पुसून घातलं, लाल. मग फाटकावरचा भिकन म्हणाला असणार, तेच, जे त्याला सांगितलेलं होतं: लाल म्हणजे नाव कापलेलं, आत सोडायचं नाही. भिकनला जे सांगितलं जाई ते तो मोठ्या आवाजात सांगे. म्हणजे ते शेवटच्या माणसापर्यंत एकाच वेळी पोचलं असणार.

नाव का कापलं गेलं हे मिलमध्ये फक्त भूपेंद्रला माहीत होतं, आणि त्यालाही ते माहीत होऊन थोडाच वेळ झाला होता. दिवाळीच्या आधी मिलच्या शेठनी त्याला बोलावून सांगितलं होतं, की हे खानदेशी लोक गावाला जातात ते येतच नाहीत, आखाजीच्या सणाला जातात, लग्नाला जातात, तर मशिनमध्ये असं करा, आठवड्याहून जास्त दिवस ज्याचं कार्ड लागलं नाही त्याचं नाव आपोआप कापा. आपोआप हा शब्द शेठला फार आवडे. त्यात कुणी कुणाला काढत नाही. भूपेंद्रनं मान डोलावली. जुन्या, तीन वर्षं बिनतक्रार चाललेल्या प्रोग्रॅममध्ये त्यानं चार ओळी घातल्या, आणि धनत्रयोदशीच्या सकाळी, मिलची माणसं सुट्टीवर जाऊन दोन दिवस झाल्यावर, त्या चार ओळी तपासायला बसला. तपासायला एक खोटा कामगार लागतो. भूपेंद्रनं तो तयार केला, आणि नाव टाकायची वेळ आली तेव्हा त्याच्या बोटांनी, त्याला न विचारता, राघो असं टाकलं.

राघोला त्यानं आठवड्याहून एक दिवस जास्त गैरहजर ठेवलं आणि प्रोग्रॅम चालवला. राघोचं नाव गेलं. पडद्यावर जिथं ते होतं तिथं काळी रिकामी जागा राहिली, स्वच्छ. भूपेंद्रच्या पोटात काहीतरी सुटलं, गाठ सुटावी तसं. त्यानं राघोला पुन्हा घातलं आणि पुन्हा कापलं. मग अडीच आठवडे गैरहजर ठेवून कापलं. मग पाळी बदलून. मग कापड रंगवायच्या जेट मशिनवर कामाला लावून, मग बॉयलरवर. दर वेळी तो मरे आणि दर वेळी बिनतक्रार परत येई, खऱ्या राघोनं जन्मात केलं नसतं असं. खरा राघो त्या वेळी गावाला ओट्यावर बसून बहुधा विडी ओढत असेल आणि त्याला सुनेनं पाठवलेल्या स्वेटरचा रंग आवडला नसेल. भूपेंद्रची सकाळ फार छान गेली. ही तपासणी आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. बाकीचा प्रोग्रॅम, म्हणजे जी माणसं नियमानं येतात त्यांचं काय होतं, तारीख पुढं सरकवून, मिल उघडण्याच्या दिवसाची घालून बघायचं त्यानं जेवणानंतर ठरवलं होतं. जेवणानंतर पूजेचं ताट आलं.

सुरतेत दिवाळीला हिशेबाचे चोपडे पुजतात. मिलमध्ये चोपडे उरले नव्हते म्हणून मशिन पुजलं. शेठ अनवाणी आले, पूजा सांगणारे महाराज आले. मॉनिटरला हार घातला, कीबोर्डच्या कडेला कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, सीपीयूवर सुपारी ठेवली, ती थरथरून पडत होती म्हणून महाराजांनी मशिन बंद करायला सांगितलं. भूपेंद्र म्हणाला, "शेठ, जरा तपासायचं राहिलंय." शेठनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं लग्न लागल्यावर नवरीचे दात मोजायला मागितले असावेत. "भूपेन्द्रभाई," ते अगदी मायेनं म्हणाले, "पूजा थई गई. हवे हाथ नहीं लगाडवानो. लक्ष्मीनी परीक्षा लेवाय?" पूजा झाल्यावर हात लावू नये, लक्ष्मीची परीक्षा घेऊ नये, हे भूपेंद्रलाही मान्य होतं. त्यानं पेढा घेतला. खोलीला कुलूप लागलं ते आज सकाळी, दिवाळीनंतरच्या लाभपंचमीच्या मुहूर्तालाच उघडलं. मुहूर्ताला शेठनी स्वतः बटण दाबलं, महाराजांनी नारळ फोडला, आणि त्याच क्षणी मशिननं जागं होऊन तारीख पाहिली, आठवड्याहून जास्त दिवस एकाही माणसाचं कार्ड लागलेलं नाही हे पाहिलं, आणि सबंध मिलची नावं कापून टाकली. मिलच बंद होती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आवाज फक्त नारळाचा आला. मग शेठनी आपलं कार्ड घालून पाहिलं. शेठचं कार्ड कधीच कापलं जात नाही ही व्यवस्था पहिल्यापासून होती. हिरवा दिवा लागला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता भूपेंद्रनं इंटरकॉम उचलला. शेठची केबिन मागच्या बाजूला होती, तिथून खाडी दिसे, फाटक दिसत नसे. जुना प्रोग्रॅम फ्लॉपीवर होता, मशिन बंद करून तो चढवायचा, एवढंच. त्यानं तसं सांगितलं.

"बंध?" शेठ म्हणाले. "मूरतनुं मशीन बंध?"

"शेठ, खाली मारामारी चाललीय. भिकनला मारतायत."

"भिकन छे ने, संभाळी लेशे," शेठ म्हणाले. "आजनो दिवस जवा दो." आणि फोन ठेवला, जसा ते देवाच्या तसबिरीपुढं उदबत्ती ठेवत, हलकेच, राख न पाडता.

भूपेंद्रनं मशिनच्या बटणाकडं पाहिलं. हात पुढं करून ते दाबायचं. कुणी पाहत नव्हतं. काच बाहेरून काळी होती. त्याला वाटलं, आपण हात पुढं केला. मग दिसलं की हात मांडीवरच आहे. खाली एक माणूस गर्दीतून मागं सरला, त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पुन्हा आत शिरला. तो बॉयलरवरचा दगा होता, ज्याच्या मुलीच्या नामकरणाला भूपेंद्र जेवून आला होता. दगाच्या हातात आता भिकनची काठी होती. ती वर गेली तेव्हा भूपेंद्रचे डोळे मिटले नाहीत. हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला आश्चर्य वाटलं, की तो मोजून श्वास घेतोय, काठी वर जाताना आत, खाली येताना बाहेर. आणि श्वास बाहेर पडताना बरं वाटतंय. पोटात तीच गाठ सुटत होती. जे चाललंय ते आपल्या वाट्याचं आहे आणि ते दुसरा खातोय, याचं सुख इतकं जुनं होतं, की त्याला वासच आला: मळलेल्या पिठाचा, तेलकट चामड्याचा. धाकट्या भावाला पट्टा बसत असताना गोधडीत तोंड घालून आपण असेच श्वास घ्यायचो. असेच. आणि भाऊ रडायचा थांबला की वाटायचं, इतक्यात?

मग काठी तुटली. वरून एवढं दिसलं, की दगाच्या हातात अर्धीच राहिली आणि दगानं तिच्याकडं जरा नाराजीनं पाहिलं. भूपेंद्र उठला. चपला दाराबाहेर काढलेल्या होत्या, त्या त्यानं घातल्या नाहीत. घालायला वाकलं तर आपण पुन्हा बसू अशी त्याला भीती वाटली. जिन्याचं दार ढकललं आणि आवाज आला. एकदम, सगळा. त्याला वाटलं होतं ओरडा असेल; तो होताच, पण त्याच्या खाली दुसरा एक आवाज होता, ओला, सपाट, धुण्याच्या दगडावरचा. जिन्यावर कच्च्या कापडाचे ताके रचलेले होते, त्यांना हात लावत लावत तो उतरला. काय बोलायचं ते तो जुळवत होता. चूक माझी आहे. एवढंच वाक्य. मराठीत म्हणावं की अहिराणीत? मराठीत म्हटलं तर साहेब बोलतोय असं वाटेल. अहिराणीत म्हटलं तर राघोचं पोरगं बोलतंय असं. या दोनांतल्या एकाची निवड होईपर्यंत भिकन मरेल, हे त्याला शेवटच्या पायरीवर सुचलं, आणि तो पळाला. सिमेंटवर सळ्यांचे तुकडे होते, त्यातला एक पायात गेला.

"चूक मनी शे!" तो ओरडला. "थांबा! मनी चूक शे! यानी नही!"

कडेच्या दोघातिघांनी वळून पाहिलं. त्यांना तो ओळखू आला आणि त्यांचे चेहरे एकदम मऊ झाले, जसे पाहुणा आल्यावर होतात. "साहेब शेत," एकजण म्हणाला. "भाऊ, तुमी आठे नका येऊ. तुमले लागी जाई."

"अरे, मी सांगतोय काय! नावं मी कापली. मशिनमध्ये मी..."

"तुमी कसाले कापश्यात?" दुसरा हसून म्हणाला. त्याच्या हनुवटीवर रक्त होतं, त्याचं नव्हतं. "तुमी आपला शेत. राघोआबानं पोरगं. आमले माहीत नही का? शेठनी सांगं व्हई. आनि हाऊ त्याना कुत्रा."

"तो नाही रे! मशिन चुकलं!"

"मशीन चुकस का कधी?" तो म्हणाला, समजूत घालावी तशा सुरात, आणि भूपेंद्रला खांद्याला धरून हलकेच बाजूला केलं. फार आदरानं. पुढच्याला म्हणाला, "भाऊले वाट दे रे." वाट मिळाली. ती थेट आतपर्यंत मिळाली, कारण साहेबाला वाट द्यायची सगळ्यांना सवय होती, आणि भूपेंद्र हव्या त्याहून फार लवकर मधल्या मोकळ्या जागेत येऊन पोचला.

भिकन कार्डाच्या यंत्राच्या खांबाला पाठ लावून बसला होता. एक डोळा दिसत नव्हता, तिथं नुसती सूज होती, जांभळी, रंगखात्यात घोळ झाल्यावर कापडावर येते तशी. नाकातून येणारं रक्त त्यानं पांढऱ्या मिशीतून जिभेनं पुसलं. यंत्रावर लाल दिवा अजून लागलेला होता. कुणाचं तरी कार्ड त्यात अडकून राहिलं होतं. दगा अर्धी काठी घेऊन उभा होता आणि धापा टाकत होता. "सांग!" तो भिकनला म्हणत होता. "कोनी नाव कापं? सांग! बारा वरीस व्हयनात माले आठे. आमी चोर शेत का?"

भिकननं मान वर केली. चांगला डोळा फिरत फिरत भूपेंद्रवर आला आणि थांबला. ओळख पटली. मग त्याच्या फुटलेल्या तोंडावर असं काही आलं, की भूपेंद्र मागं सरला, पण मागं जागा नव्हती. ते हसू होतं. सुटका झाल्याचं. "उना का," भिकन म्हणाला, आलास का अशा सुरात, आणि बहिऱ्याच्या त्या आवाजात, सबंध फाटकाला, रस्त्यापलीकडच्या पानवाल्याला ऐकू जाईल असा ओरडला, "भूपेन! तू सांग ना यास्ले! तू मशीनवाला शे! तुले सगळं माहीत शे! सांग, कोनी कापं!"

सगळ्यांनी भूपेंद्रकडं पाहिलं. आत्तापर्यंत तो तीनदा तेच ओरडत आला होता आणि कुणी ऐकलं नव्हतं. आता ऐकायला सगळी मिल उभी होती. दगानं अर्धी काठी खाली केली आणि त्याच्याकडं वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता प्रश्न होता. तीन शब्द. तोंड उघडायचं. भूपेंद्रनं तोंड उघडलं आणि त्याला दगाच्या हातातली काठी दिसली, जिथून तुटली तिथं तिला टोकं आली होती, ओली. आणि त्याच्या पाठीची कातडी, गेली वीस वर्षं जिला कुणी हात लावला नव्हता ती, मानेपासून कमरेपर्यंत आकसली. भिकन पुन्हा ओरडला, "सांग ना रे पोऱ्या!" तो आवाज बंद व्हायला हवा होता. एवढंच त्या क्षणी खरं होतं. तो इतका मोठा होता, चाळभर ऐकू जाणारा, तो नेहमीच तसा होता, दर वेळी त्याच्यामुळं सगळ्यांना कळायचं की बोरसेच्या घरात आज काय झालं. भूपेंद्रचा हात वर गेला. त्याच्या हाताला मारायची सवय नव्हती, त्यामुळं तो नीट बसला नाही. तळवा अर्धा गालावर आणि अर्धा कानावर पडला, आणि अंगठा सुजलेल्या डोळ्यात गेला.

भिकन गप्प झाला. ओरडला नाही. हात डोळ्याकडं नेला, पण लावला नाही. खांद्यावरचा शर्ट रक्तानं चिकटला होता, तो त्यानं दोन बोटांनी सोडवला, नीट केला आणि मान खाली घातली.

"बस," दगा म्हणाला.

आणि खरंच बस झालं. भूपेंद्रला ते कळलं नाही. तो पुढच्या गोष्टीची वाट पाहत उभा होता. पण गर्दी सैल पडली. कुणी पिशव्या शोधायला लागलं, कुणी चपला. साहेबानं स्वतः मारलं म्हणजे अपराधी कोण ते ठरलं होतं, शिक्षा झाली होती, न्याय झाला होता. आता कामाची वेळ होऊन गेली होती. "भाऊनी बरं करं," मागं कुणी म्हणालं. "नही तर आमी मारी टाकता त्याले." एकानं भूपेंद्रला तंबाखू पुढं केला. भूपेंद्रनं घेतला, तो खात नसे. मग तो फिरकीकडं गेला, तिची खीळ हातानं वर उचलली. ती अशी हातानं उचलता येते हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. आणि माणसं एकामागोमाग आत गेली, जाताना प्रत्येकानं त्याला राम राम केला. दगानं अर्धी काठी भिंतीला टेकवून ठेवली. जरा वेळानं जेट मशिनचा आवाज सुरू झाला, चिमणीतून धूर आला.

दोघा सफाईवाल्यांनी भिकनला रिक्षात घातलं. रिक्षात चढवताना भूपेंद्रनं त्याच्या खांद्याखाली हात घातला. खांदा हाडकुळा झाला होता आणि त्याला कसलाच वास नव्हता, नुसता रक्ताचा. "काका," तो म्हणाला, हळू. भिकनला हळू बोललेलं ऐकू येत नसे. मोठ्यानं बोलायला आजूबाजूला माणसं होती. रिक्षा गेली.

शेठनी वर्तमान ऐकलं, हार घातलेल्या तसबिरीकडं पाहून हात जोडले आणि निकाल दिला. मुहूर्ताच्या मशिनची तोडफोड झाली नाही ही देवाची कृपा. कामगार चिडले ते भिकनच्या उद्धट बोलण्यानं, म्हणजे भिकन नको. "पहेलां एनुं नाम कापी नाखो," ते म्हणाले, "पछी बीजुं जोईशुं." आधी भिकन, बाकीचं मागाहून. भूपेंद्र म्हणाला, "शेठ, चूक माझी आहे." शेठनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ती आकसली. "तमे सारा माणस छो," शेठ म्हणाले. सारा म्हणजे चांगला.

तो वर गेला. पाय रक्ताळला होता, म्हणून दाराशी पुसून आत आला. दिवाळीभर बंद मिलवर एकटा भिकनच होता, रात्रंदिवस, फाटकाशी खाट टाकून. पण कार्डाचं यंत्र बंद असल्यामुळं त्यालाही कार्ड लावता आलं नव्हतं. भूपेंद्रनं त्याचं नाव टाकलं आणि कापायचं बटण दाबलं. मशिननं कळवलं, की या नावाचा कोणीही कामगार इथं नाही.